गॉल किल्ला, श्रीलंका: आई-बाबांना घेऊन तटाच्या आत तीन रात्री

मीरा_सहकारनगर | रविवार, सकाळी १०.१२

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आई, बाबा आणि मी श्रीलंकेला जाऊन आलो. कँडी आणि नुवारा एलियावर इथे भरपूर लिहून झालंय, म्हणून मी फक्त गॉलबद्दल लिहिते. बहुतेक सहलींमध्ये गॉलच्या वाट्याला दोन तास येतात. दीपगृहापाशी गाडी थांबते, फोटो होतात, एखादं रत्नांचं दुकान होतं आणि गाडी निघते. आम्ही किल्ल्याच्या आतच तीन रात्री राहिलो. पुन्हा गेले तरी तिथेच राहीन.

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात शिरलेलं एक भूशिर आहे. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला जाडजूड तट, आत अख्खं गाव. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये जमिनीच्या बाजूने पहिली तटबंदी घातली. १६४० मध्ये डचांनी कँडीच्या राजाच्या मदतीने ती घेतली आणि पुढे समुद्राच्या बाजूनेही वेढा पुरा केला. एकूण चौदा बुरूज. १७९६ मध्ये इंग्रज आले. १९८८ पासून हा किल्ला जागतिक वारसा यादीत आहे. आणि आत माणसं राहतात! दुपारी पांढऱ्या गणवेशातल्या मुली शाळेतून घोळक्याने सुटतात, मशिदीतून बांग ऐकू येते, संध्याकाळी कुणाच्या तरी दारातून खोबरं खवल्याचा आवाज येतो. आपण किल्ला म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर पडके चिरे आणि बुरुजावरचं गवत येतं. इथे तटाच्या आत दळणकांडण चालू आहे, ही गोष्टच मला पहिल्या तासात पचली नाही.

कोलंबोहून आम्ही आगगाडीने गेलो. जाताना उजवीकडची खिडकी धरा, रूळ कित्येक ठिकाणी अक्षरशः लाटांना लागून जातात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरलिया लागतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीने इथे भरलेली गाडी उलथवली, हजाराहून जास्त माणसं गेली. शेजारच्या आजोबांनी बोट दाखवून सांगितलं आणि नंतर बराच वेळ आमच्या डब्यात कुणी बोललं नाही.

पहिल्या संध्याकाळी घड्याळाच्या मनोऱ्यापासून तटावर चढलो. हा मनोरा १८८३ चा. डॉ. अँथनिझ नावाच्या तिथल्या डॉक्टरांच्या सन्मानार्थ लोकांनी वर्गणी काढून बांधला. तिथून पश्चिमेच्या तटावरून फ्लॅग रॉक या बुरुजापर्यंत चालत जायचं. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कौलारू छपरं आणि एका छोट्या बौद्ध विहाराचा पांढरा स्तूप. सूर्य बुडायच्या सुमारास सगळं गाव वर येतं. पोरं पतंग उडवतात, कॉलेजची जोडपी छत्रीच्या आडोशाला बसतात, बायका गवतावर डबे उघडतात. बाबांना आपल्या सारसबागेची रविवारची संध्याकाळ आठवली. एक सावधगिरी मात्र हवी: तटाला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही आणि खाली थेट खडक आहेत. लहान मुलांचा हात सोडू नका.

सकाळी सहाला दुसरी बाजू. दीपगृह १९३९ चं, साडेसव्वीस मीटर उंच, पांढरंशुभ्र. त्याच्या समोर मीरन मशीद. दोन मनोऱ्यांमुळे ती लांबून चर्चसारखी दिसते, आईला तर तिथे पोचेपर्यंत पटलं नाही. पुढे जुना दरवाजा. त्याच्या बाहेरच्या बाजूला इंग्रजांचं राजचिन्ह, आणि आत शिरून मागे वळून पाहिलं की डच कंपनीची अक्षरं, दोन सिंह, वर कोंबडा आणि १६६९ साल. एका कमानीच्या दोन तोंडांवर दोन मालक. बाबा तिथे दहा मिनिटं मागे-पुढे करत होते.

डच चर्च १७५५ चं. आतली जमीन थडग्यांच्या शिळांची आहे, नावं आणि कवट्या कोरलेल्या. आई उंबरठ्यावर थबकली. माणसांच्या नावांवर पाय कसा द्यायचा, म्हणाली. तिथल्या राखणदाराला ते न सांगता कळलं आणि त्याने तिला कडेकडेने, मोकळ्या फरश्यांवरून नेलं. त्या माणसाला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला त्याची.

खाण्याबद्दल वेगळं लिहिते, ते या पोस्टमध्ये मावणार नाही.

शिरवाळे | रविवार, ११.४०

मीराताई, लवकर लिहा. तोवर माझं एक. मी मूळ मालवणचा, आता धायरीत. श्रीलंकेत पहिल्या सकाळी समोर जे ताट आलं ते पाहून मी आईला व्हिडिओ कॉल केला, कारण ताटात शिरवाळे होते! तांदळाच्या पिठाच्या, साच्यातून पाडून वाफवलेल्या शेवयांच्या चकत्या. ते त्याला 'इंदिआप्प' म्हणतात. फरक एवढाच की आपण गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवतो आणि ते हळद, हिरवी मिरची, कढीपत्ता घातलेल्या नारळाच्या दुधाबरोबर खातात, त्याचं नाव 'किरि होदि'. मी तिसऱ्या दिवशी गूळ मागून घेतला आणि दोन्ही पद्धतींनी खाल्ले. वाढणाऱ्या मावशींनीही एक चकती गुळाच्या रसातली खाऊन पाहिली.

पर्वती_पायथा | रविवार, १२.२५

मीरा, छान लिहिलं आहेस. माझं वय ६९, सौ. ६५. तिच्या गुडघ्यांचा त्रास आहे आणि आम्ही दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. तीन प्रश्न. तटावर चढउतार किती? शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं? आणि तिची संकष्टी असते, त्या दिवशी काय मिळेल?

मीरा_सहकारनगर | रविवार, दुपारी ३.०५

काका, नमस्कार. तुमच्या प्रश्नांमुळे खाण्याची पोस्ट आपोआपच सुरू होते.

चढण फार नाही. रस्त्यावरून तटावर जायला काही ठिकाणी उतार आहेत, काही ठिकाणी थोड्या पायऱ्या. वर सगळं सपाट. पूर्ण फेरी सलग तटावरून होत नाही, पूर्वेकडे खाली रस्त्यावर उतरावं लागतं. रमतगमत दीड-दोन तास. सावली जवळजवळ नाहीच, त्यामुळे सकाळी नऊनंतर आणि दुपारी चारच्या आत वर जाऊच नका. काकूंना सगळी फेरी नको असेल तर फक्त पश्चिमेचा भाग, संध्याकाळी पाचला.

शाकाहाराचं. भाज्या इतक्या मिळतात की आई खूश होती. दुपारी 'राइस अँड करी' म्हणून जे ताट येतं त्यात भाताभोवती पाच-सहा वाट्या असतात. मसूरडाळ नारळाच्या दुधात शिजवलेली (तिचं नाव परिप्पु), फणसाच्या कुयरीची काळपट मसालेदार भाजी (पोलोस), वांग्याचं आंबटगोड मोजू, नीरफणस, मंडूकपर्णीच्या पानांची बारीक चिरून खोबरं घातलेली कोशिंबीर. पोलोसची भाजी खाल्ल्यावर बाबा म्हणाले, ही तर आपली कुयरीची भाजी, फक्त हात जास्त सढळ.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: उंबलकड. म्हणजे वाळवून लाकडासारखा कडक केलेला मासा, त्याचा चुरा ते चवीसाठी घालतात. खोबऱ्याची लाल चटणी (पोल संबोल), कांद्याची गोडसर चटणी (सीनि संबोल), कधी पालेभाजीतसुद्धा. दिसत नाही आणि वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा धरलाच जात नाही. 'व्हेज' म्हटल्यावर हो म्हणतात आणि चटणी तीच येते. पहिल्या दिवशी एका खानावळीत आमच्या ताटात तसंच झालं, आईचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवसापासून मी बसायच्या आधीच विचारायचे, "उंबलकड नको, मासा नको, अंडं नको." तेवढं सांगितलं की न घालता ताजी चटणी वाटून देतात, कारण तिथे ती दर जेवणाला नवीच होते.

अंड्याबद्दल: आप्प (तांदळाचं पीठ आंबवून, नारळाचं दूध घालून खोलगट कढईत केलेलं, कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत) साधं मागा. अंड्याचं वेगळं असतं. कोत्तूमध्ये (रोटीचे तुकडे करून भाज्यांबरोबर परतलेला पदार्थ) बहुतेकदा अंडं असतं. आणि वटलप्पन नावाचं गोड आहे, गूळ, नारळाचं दूध, वेलची, जायफळ. वासाने अगदी आपलं वाटेल, पण त्यात अंडी असतात. ते टाळा. त्याऐवजी म्हशीचं दही मडक्यातलं, वर भेरली माडाची काकवी. आईने तीन दिवसांत पाच वेळा खाल्लं.

संकष्टीला शहाळी (तिथली केशरी रंगाची, थंबिली), केळी, पपई, अननस, उकडलेली रताळी आणि तेच दही-काकवी. चंद्रोदय मात्र तटावरून पाहा म्हणावं काकूंना. यजमानीणबाईंना आदल्या दिवशी सांगितलं तर त्या आनंदाने करतात.

स्वाती_कर्वेनगर | रविवार, ३.५०

मीरा, आंबटाचं काही आहे का त्यांच्यात? आमच्याकडे मासे खाणारे आहेत.

शिरवाळे | रविवार, ४.१०

मी सांगतो. 'अंबुल तियल'. नावातच आंबट आहे. कुपा किंवा तसल्या घट्ट माशाचे चौकोनी तुकडे, मिरीपूड आणि गोरका यांच्या दाट लेपात मातीच्या भांड्यात आटवतात, रस्सा अजिबात ठेवत नाहीत. गोरका हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं फळ, वाळवून काळं केलेलं. फ्रीज नसतानाही हा मासा टिकायचा, दक्षिण किनाऱ्याची ती खासियत. सोलं घालून केलेल्या तिखल्याशी त्याचं नातं जिभेला लगेच कळतं. किल्ल्यात मोठ्या रेस्तराँपेक्षा आतल्या गल्लीतल्या घरगुती ठिकाणी मला जास्त चांगला मिळाला.

आणि लाम्प्रैस चुकवू नका. डच आणि स्थानिक मिश्र वंशाच्या बर्गर लोकांचा पदार्थ. मटणाच्या पाण्यात शिजवलेला भात, करी, खिम्याचा गोळा, वांगं, सगळं केळीच्या पानात बांधून भाजायचं. पुडी उघडल्यावर जो वास येतो तो घेत आधी मिनिटभर बसावं.

दुर्गवेडा_पुणे | रविवार, सायं. ६.३०

मीराताई, राहत्या किल्ल्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून वसई डोळ्यासमोर आली. तीही अशीच, समुद्रालगत, तटाच्या आत चर्च, मठ, घरं असलेलं पोर्तुगीज शहर. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि तो आपल्या इतिहासातला अभिमानाचा दिवस आहेच. पण आज तिथे गेलं की छत उडालेल्या भिंतींमध्ये वडाची मुळं उतरलेली दिसतात. रेवदंड्याला तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वस्ती आहे, तरी शहर म्हणावं असं काही उरलेलं नाही. पोर्तुगीज घंटा आपल्याला भीमाशंकरला आणि मेणवलीला देवळात भेटतात. गॉलमध्ये डच घंटा चर्चजवळच्या तिच्या घंटाघरातच आहे.

गॉल टिकलं याचं एक कारण दुःखाचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेटावरचं मुख्य बंदर तेच होतं. मग कोलंबोला लाटा अडवणारा बांध घालून मोठं बंदर झालं आणि जहाजं तिकडे वळली. गॉलला पैसा यायचा थांबला, म्हणून पाडापाडी करून नवं बांधायची कुणाची ऐपत नव्हती.

कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक शिळा आवर्जून बघा. १४०९ सालची, 'झंग ह' या चिनी दर्यावर्दीने आणलेली. तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी असे तीन लेख आहेत, तिन्ही वेगवेगळ्या देवांना उद्देशून. १९११ मध्ये ती गॉलमध्ये सापडली, तेव्हा एका मोरीवर झाकण म्हणून घातलेली होती. पोर्तुगीजांच्या आधी हे बंदर किती लोकांचं होतं ते त्या एका दगडात दिसतं. इब्न बतूताही चौदाव्या शतकात इथून गेला होता.

गल्ली_क्रिकेट | रविवार, रात्री ८.१५

कुणी स्टेडियमबद्दल कसं लिहिलं नाही! तटाच्या उत्तर बाजूला, सूर्य, चंद्र आणि तारा या बुरुजांच्या समोरच मैदान आहे. कसोटी चालू असली की लोक तटावर बसून बघतात. २२ जुलै २०१० ला मुरलीने आपल्या शेवटच्या कसोटीत कारकिर्दीतला ८०० वा बळी इथेच घेतला, प्रग्यान ओझा, झेल जयवर्धनेचा. आपण ती कसोटी दहा गड्यांनी हरलो, तरी तो दिवस मी विसरणार नाही. आणि त्याच्या दोन वर्षं आधी याच मैदानावर सेहवागने सलामीला येऊन नाबाद २०१ केले होते. संघाच्या ३२९ मधले २०१, समोर मुरली आणि मेंडिस!

त्सुनामीत हे मैदान आणि शेजारचं बस स्थानक पार उद्ध्वस्त झालं होतं. डिसेंबर २००७ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीने ते पुन्हा सुरू झालं. मी चंद्र बुरुजावर तासभर बसलो होतो, मैदान रिकामं होतं, माळी फक्त पाणी मारत होता.

जुना_वाडा | रविवार, रात्री ९.४०

मी वेगळं मत मांडतो. मी दोन वर्षांपूर्वी गेलो आणि खट्टू होऊन परतलो. गल्लीगल्लीत कॅफे, कपड्यांची महागडी दुकानं, दागिने, आइसक्रीम. जुन्या घराच्या ओसरीवर पाटी आणि आत पोहण्याचा तलाव. एका कॅफेत कॉफीचे पैसे दिले त्यात बाहेर गावात तिघांचं जेवण झालं असतं. किल्ल्यातली पुष्कळ घरं गेल्या दोन-अडीच दशकांत बाहेरच्यांनी, त्यातही परदेशी लोकांनी घेतली. मूळ माणसं पैसे घेऊन तटाबाहेर गेली. मग राहता किल्ला कुणाचा?

माझं बालपण शनिवार पेठेतल्या वाड्यात गेलं. तो पाडून इमारत झाली, हे मी रोज बघतो. पण निदान त्या इमारतीत आमच्याच वाड्यातले चार बिऱ्हाडकरू राहतात. भिंत राहिली आणि माणूस गेला, तर राहिलं काय?

कोलंबोवासी_पुणेकर | रविवार, रात्री ११.०५

जुना वाडा, तुमचा प्रश्न खरा आहे. मी नोकरीनिमित्त अकरा वर्षं कोलंबोत आहे आणि वर्षातून तीन-चारदा गॉलला जातो. पेडलर स्ट्रीट आणि चर्च स्ट्रीटवर तुम्ही म्हणता तसंच आहे. पण लेन बान स्ट्रीटच्या टोकाला, तटालगतच्या गल्ल्यांत, मशिदीच्या आसपास अजून पिढ्यान्‌पिढ्यांची मुस्लिम कुटुंबं राहतात. यातली काही घराणी रत्नांच्या व्यापारातली. रमजानमध्ये संध्याकाळी तिथून चालत जा, दारातून पेज आणि समोसे हातात येतात. जी घरं विकली गेली त्यांतली कित्येक तेव्हा ढासळायला आली होती आणि दुरुस्तीचे कडक नियम पाळून छत घालायला कुटुंबाकडे पैसे नव्हते. ज्यांनी विकली त्यांना मी दोष देऊ शकत नाही. ज्यांनी नाही विकली आणि दोन खोल्या पाहुण्यांना देऊन घर उभं ठेवलं, त्यांच्याकडे मात्र मी मुद्दाम उतरतो.

घरांची रचना बघा: रस्त्याला लागून खांबांची ओसरी, आत लांबट घर, मधोमध उघडा चौक, कधी विहीर. आपल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

डचांनी रस्त्यांखाली गटारं बांधली होती, भरती-ओहोटीच्या पाण्याने ती धुऊन निघायची. आणि त्सुनामीच्या दिवशी बाहेरच्या गावाची दैना झाली तेव्हा तटाच्या आतली माणसं बरीचशी वाचली. परकीयांनी तोफांसाठी बांधलेल्या भिंतींनी समुद्र अडवला. तिथले म्हातारे हे सांगताना तटाच्या दगडावर हात ठेवून सांगतात.

थोडं उपयोगाचं. दर पौर्णिमेला 'पोया' म्हणून सुट्टी असते. त्या दिवशी दारू मिळत नाही, बरीच दुकानं बंद, गाड्यांना गर्दी. पंचांग बघून जा. आपली बुद्धपौर्णिमा म्हणजे त्यांचा वेसाक, तेव्हा रस्तोरस्ती कंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवण वाढतात. भाषेचंही गंमत म्हणून: सिंहली आपल्याच भाषाकुळातली. भाताला 'बत', आभाराला 'स्तुती', आणि नमस्काराचं 'आयुबोवन' म्हणजे आयुष्य लाभो. पावाला 'पान' म्हणतात, ते आणि आपला पाव एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं.

जुना_वाडा | सोमवार, सकाळी ७.२०

धन्यवाद. त्या गल्ल्यांत मी गेलोच नव्हतो. ड्रायव्हरने दोन तासांत बोलावलं होतं. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार, पण पुन्हा गेलो तर तुम्ही सांगता तशा घरात उतरेन.

रेघोट्या | सोमवार, ९.००

चित्रं काढणाऱ्यांसाठी: कोर्टाच्या चौकातली मोठाली झाडं सकाळी साडेसातला. कोर्ट भरण्याआधी तिथे फक्त झाडूवाले आणि कावळे असतात. जुन्या दरवाजाजवळच्या डच वखारीची लांबलचक पिवळी भिंत दुपारी चारला, त्या वखारीत आता सागरी संग्रहालय आहे.

बीरलु लेस करणाऱ्या आजी दिसल्या तर थांबा. उशीवर टाचण्या रोवून, लाकडी गोट्यांना गुंडाळलेले कितीतरी दोरे एकमेकांवरून टाकत जाळी विणतात. पोर्तुगीज-डच काळात आलेली कला. मी तासभर शेजारी बसून रेखाटलं, निघताना त्यांच्याकडून बोटभर रुंदीची लेस घेतली. किमतीवरून घासाघीस केली नाही. ती जाळी करायला किती वेळ लागतो ते नुकतंच डोळ्यांनी पाहिलं होतं.

स्वाती_कर्वेनगर | सोमवार, ११.१५

रत्नं घ्यावीत का? बहिणीने नीलम आणायला सांगितलाय. आणि पैसे कसे न्यायचे? मे महिन्यात जावं का, मुलांना सुट्टी असते?

मीरा_सहकारनगर | सोमवार, दुपारी १.३०

स्वातीताई, मे नको. नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या किनाऱ्यावर मे महिन्यातच धडकतो, समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते मार्च उत्तम. मुलांसाठी नाताळची सुट्टी बघा, गर्दी असेल पण आकाश स्वच्छ.

पैशांचं: मोठ्या ठिकाणी कार्ड चालतं, क्यूआर असलेल्या दुकानांत आपलं यूपीआयही चालतं, २०२४ पासून ती सोय झाली आहे. पण रिक्षा, आप्पवाल्या मावशी, शहाळेवाला, सगळं रोखीत. रिक्षा अॅपवरून बोलवा किंवा भाडं आधी ठरवा.

नीलमबद्दल मनापासून सांगते, पारख नसेल तर घेऊ नका. आम्हाला एका वाटाड्याने 'फक्त बघायला' म्हणून दुकानात नेलं आणि दीड तास बाहेर पडू दिलं नाही. तेवढा सूर्यास्त गेला. पारखी माणूस सोबत असेल आणि प्रमाणपत्र तपासून घेणार असाल तर गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा दालचिनी आणा. सिगारीच्या पानांसारखे पातळ पापुद्रे एकात एक गुंडाळलेली असते, बोटांनी चुरते आणि गोड लागते. आपल्या मंडईत स्वस्त म्हणून जी जाड, एकाच सालीची मिळते ती बहुतेकदा दुसऱ्याच झाडाची. याच दालचिनीसाठी पोर्तुगीज आणि डच आपसात लढले. माझ्या डब्यात आता दोन्ही शेजारी ठेवल्यात, मैत्रिणी आल्या की वास घ्यायला देते.

आणि एक सकाळ स्वयंपाक शिकण्यात घालवा. ही माझी सगळ्यात आवडती आठवण. घरात खोल्या देणाऱ्या आमच्या यजमानीणबाई (पन्नाशीच्या, नाव लिहीत नाही) आईला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. जमिनीलगत बसायचा पाट आणि पुढे दातेरी पातं, म्हणजे आपली खवणी! त्यांच्याकडे तिला हिरमणे म्हणतात. आई बसली आणि सरासर दोन नारळ खवले. मग दूध काढलं. पहिलं दाट ते 'मिटि किरि', दुसरं पातळ ते 'दिय किरि'. पातळात भाजी शिजवायची, दाट शेवटी घालून उकळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी सांगायच्या आधी आईने आच मंद केली. फोडणीत कढीपत्त्याबरोबर रंपे नावाची लांब पात, आपल्याकडे भातात बासमतीची पात घालतात तीच. मसाल्याचं नाव 'तुनपह', म्हणजे तीन-पाच. धने, जिरे, बडीशेप हे तीन आणि मग हाताला येईल ते. भाजीसाठी कच्चा, मटण-माशांसाठी काळपट भाजलेला. आईने आपला गोडा मसाला तीळ-खोबरं-दगडफुलासकट हाताने खुणा करून समजावला. दोघींना मिळून इंग्रजीचे वीस-पंचवीस शब्द येत असतील. निघताना आईने पर्समधली गोड्या मसाल्याची पुडी त्यांना दिली, त्यांनी भाजलेला तुनपह दिला. परवा आईने त्यात फ्लॉवर-बटाटा केला, दारावरचं वर्तमानपत्र घ्यायला गेले तर जिन्यात त्या घराचा वास भरला होता.

पर्वती_पायथा | सोमवार, रात्री ९.१०

मीरा, आज मुलाशी बोलून जानेवारीची तिकिटं काढली, मुंबई-कोलंबो. गॉलला तीन रात्री. त्याने आधी 'बाबा, तिथे तीन दिवस काय करणार' विचारलं, त्याला हा धागा वाचायला दिला. सौ. ने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे: उंबलकड नको. हे सिंहलीत लिहून मिळेल का? दाखवायला सोपं जाईल.

कोलंबोवासी_पुणेकर | सोमवार, रात्री ९.३५

काका, मी सिंहली अक्षरांत लिहून तुम्हाला निरोपातून पाठवतो. फोनमध्ये फोटो ठेवा. बोलायचं झालं तर 'उंबलकड एपा, मालु एपा, बित्तर एपा'. एपा म्हणजे नको. बित्तर म्हणजे अंडं. आणि जानेवारीत मी बहुधा इथेच असेन, एखादी संध्याकाळ तटावर भेटू. काकूंसाठी घडीची खुर्ची मी घेऊन येतो.